विंडेन गावची वंशावळ

मालिका म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. भलामोठा दिवाणखाना, जिन्यावरून उतरणारी सासू, दाराआडून कान देणारी जाऊ, आणि एकेका वाक्याला तीन-तीनदा कडाडणारी वीज. या मालिकांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मीही त्या पाहिल्या आहेत. त्यांचा एक मोठा गुण म्हणजे मधले चार दिवस चुकले तरी काही बिघडत नाही. मला आज जिच्याविषयी बोलायचं आहे, त्या मालिकेत मात्र मधली चार मिनिटं चुकली तर पुढचा तासभर आपण कोणाकडे बघतोय, हेच कळत नाही.

मालिकेचं नाव 'डार्क'. म्हणजे अंधार. ती जर्मन आहे. बारान बो ओडार हे दिग्दर्शक आणि यांत्ये फ्रीझे या लेखिका, अशा दोघांनी मिळून ती घडवली. १ डिसेंबर २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर तिचं पहिलं पर्व आलं. नेटफ्लिक्सने काढलेली ही पहिली जर्मन मालिका. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये आणखी दोन पर्वं आली आणि सव्वीस भागांत गोष्ट संपली. संपली, हे मुद्दाम सांगते. कारण सुरू झालेली मालिका वेळेवर संपणं ही आपल्याला नवलाची गोष्ट आहे.

मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. विज्ञानकथांची आवड लहानपणापासूनची. जयंत नारळीकरांच्या कथा आमच्या पिढीने अधाशासारख्या वाचल्या, आणि दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा शेजारच्यांच्या घरी जाऊन बसलो. पण त्या साऱ्या यानं उडवणाऱ्या, परग्रहांवर जाणाऱ्या गोष्टी. 'डार्क'मध्ये कोणी कुठेच जात नाही. अख्खी गोष्ट एका आडगावात घडते. विंडेन हे त्या गावाचं नाव, आणि ते काल्पनिक आहे. गावाबाहेर दाट जंगल, जंगलात एक गुहा, जवळच अणुवीज केंद्र, आणि बहुतेक वेळ पाऊस. चार कुटुंबं. सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि एकमेकांपासून काही ना काही लपवणारे. म्हटलं तर आपल्या सासू-सुनांच्या मालिकेचाच हा ऐवज.

गोष्ट सुरू होते २०१९ मध्ये. योनास नावाच्या मुलाच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. मागे एक बंद पाकीट ठेवलं आहे, आणि त्यावर ते कोणत्या तारखेला, किती वाजता उघडायचं ते लिहिलं आहे. मग गावातली मुलं नाहीशी होऊ लागतात. ४ नोव्हेंबरच्या रात्री मिकेल हा अकरा वर्षांचा मुलगा गुहेजवळून गायब होतो. शोधाशोध, पोलीस, कुत्री, मेणबत्त्या. पोलिसांत असलेला त्याचा बाप, उलरिख, वेडापिसा होतो, कारण त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ तेहतीस वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, असाच नाहीसा झालेला असतो. तिसऱ्या भागाच्या सुमाराला आपल्याला कळतं की मिकेल कुठेही गेलेला नाही. तो विंडेनमध्येच आहे. फक्त १९८६ मधल्या विंडेनमध्ये.

हे तेहतीस वर्षांचं काय प्रकरण आहे, ते आधी सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाला ते जर्मन माणसापेक्षा लवकर समजेल असं मला वाटतं. मालिकेत म्हटलं आहे की दर तेहतीस वर्षांनी सूर्य-चंद्राची गती पुन्हा जुळून येते. आता भिंतीवरचं पंचांग आठवा. चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. आपण काय करतो, तर साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ती तूट भरून काढतो. २०२३ मध्ये दोन श्रावण आले ते याचसाठी. म्हणून आपली दिवाळी कधी पावसाळ्यात जात नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान ईद दर वर्षी अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, सगळ्या ऋतूंतून फिरते, आणि पुन्हा मूळ जागी येते. किती वर्षांनी? अकरा गुणिले तेहतीस म्हणजे ३६३, जवळजवळ एक पूर्ण वर्ष. म्हणजे तेहतीस वर्षांनी. मी जुन्या तारखा लावून पाहिल्या. १९५३, १९८६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी रमजान ईद जूनच्या पूर्वार्धात आली होती. मालिकेतली तीन मुख्य वर्षं नेमकी हीच आहेत.

एवढं गणित खरं. त्यामुळे गुहेत दार उघडतं, हे अर्थात लेखिकेचं. पण अशा कथेत मला एवढंच हवं असतं. खोटं सांगा, पण ते खऱ्याच्या खुंटीला टांगून सांगा.

तर मिकेल १९८६ मध्ये अडकतो. परत येण्याची वाट त्याला सापडत नाही. इस्पितळातली एक परिचारिका त्याला सांभाळते, पुढे दत्तक घेते. नाव बदलतं, मिखाएल होतं. तो मोठा होतो, लग्न करतो, त्याला मुलगा होतो. आणि २०१९ मध्ये तो आत्महत्या करतो. म्हणजे तोच योनासचा बाप. योनासच्या शाळेत मागच्या वर्गात बसणारा, जादूचे खेळ करून दाखवणारा छोटा मिकेल हा योनासचा बाप!

इथे आम्ही टीव्ही थांबवला. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची. २०२० चा जून महिना होता. टाळेबंदीत ती पुण्यात आमच्याकडे अडकली होती. तिने कपाटामागून जुनं कॅलेंडर काढलं, पाठ कोरी होती, त्यावर वंशावळ मांडायला घेतली. योनासचं ज्या मुलीवर प्रेम आहे, ती मार्था. मार्था कोण, तर मिकेलची मोठी बहीण. बापाची बहीण!

"मावशी, अगं ती त्याची आत्या झाली," भाची ओरडली. "सख्खी आत्या!"

जर्मन भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. आपण नात्याची बाजू शब्दातच सांगून टाकतो. त्यामुळे त्या एका क्षणी जो धक्का आम्हाला बसला, तो बर्लिनच्या प्रेक्षकाला बसला असेल का, अशी मला शंका आहे. आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे चालतं, पण खुद्द आत्याशी! पुढच्या भागांत ती वंशावळ इतकी गुंतली की कॅलेंडरची पाठ संपून आम्ही वाण्याकडच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. गावची मुख्य पोलीस अधिकारी शार्लोट आणि तिची बहिरी, मूकबधिर शाळेत जाणारी धाकटी मुलगी एलिझाबेथ. पुढे एलिझाबेथ मोठी होते, तिला मुलगी होते, ती तान्ही असताना तिला भूतकाळात नेऊन ठेवलं जातं, आणि तीच मोठी होऊन शार्लोट बनते. म्हणजे दोघी एकमेकींच्या आई आणि एकमेकींच्या लेकी. पुठ्ठ्यावर हे दाखवायचं कसं? भाचीने शेवटी एक गोल काढला आणि पेन खाली ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, हा निव्वळ बुद्धीचा खेळ झाला. मलाही पहिल्या पर्वात तसंच वाटत होतं. पण उलरिखच्या गोष्टीने मी आत ओढली गेले.

उलरिख मुलाच्या शोधात गुहेत शिरतो आणि चुकून १९५३ मध्ये जाऊन पोचतो. तिथे त्याला हेल्गे नावाचा लहान मुलगा भेटतो. हाच हेल्गे पुढे मोठा होऊन मुलांच्या अपहरणात सामील झाला आहे, हे उलरिखला ठाऊक आहे. समोर तर उभं आहे एक घाबरलेलं पोर. त्याला आत्ताच मारलं तर पुढचं काहीच होणार नाही, आपला भाऊ वाचेल, मुलगा वाचेल, असा हिशेब करून हा बाप दगड उचलतो. हेल्गे मरत नाही. त्याच्या कानाजवळ एक व्रण राहतो. आणि आपल्याला आठवतं की २०१९ मधल्या म्हाताऱ्या हेल्गेच्या कानाजवळ हा व्रण पहिल्या भागापासून होता. उलरिखने भूतकाळ बदलला नाही. तो दगड त्या भूतकाळात आधीपासूनच होता. उलरिखला पकडतात, वेड्यांच्या इस्पितळात टाकतात, तिथे तो तीस वर्षांहून अधिक काळ काढतो. १९८६ उलटल्यावर म्हातारा झालेला उलरिख आणि लहानगा मिकेल समोरासमोर येतात, तो प्रसंग मला अजून विसरता येत नाही. ज्या पोरासाठी हा निघाला होता, ते पोर समोर आहे, तेवढंच आहे, आणि बाप म्हातारा झाला आहे.

याला भौतिकशास्त्रात आधार आहे का? मर्यादित अर्थाने आहे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला आइनस्टाइनचं एक वाक्य येतं. मार्च १९५५ मध्ये आइनस्टाइनचा जुना मित्र मिशेल बेसो वारला. त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रात आइनस्टाइनने अशा अर्थाचं लिहिलं की भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भास आहे. पुढच्याच महिन्यात तो स्वतःही गेला. पत्र सांत्वनाचं असलं, तरी त्यामागे त्याची सापेक्षता आहे. ती काय सांगते, तर 'आत्ता' नावाचा सगळ्या विश्वाला एकच क्षण नाही. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आणि स्थिर असणाऱ्याचं घड्याळ यांत फरक पडतो. गुरुत्वाकर्षणानेही पडतो. ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर रिक्षावाला तुम्हाला भलत्याच गावी नेऊन सोडेल.

आणि जर 'आत्ता' सगळ्यांचा सारखा नसेल, तर काळाकडे बघायची एक वेगळी रीत पुढे येते. मी वर्गात पुणे-मुंबई गाडीचं उदाहरण द्यायची. गाडी खंडाळ्याला पोचली म्हणून मागचं लोणावळं नाहीसं होत नाही, आणि पुढचं कर्जत अजून बांधायचं आहे असंही नसतं. सगळी स्टेशनं आपापल्या जागी आहेतच. तसा १९५३, १९८६, २०१९ हा सगळा काळ एकदम आहेच, आपण फक्त त्यातून जातो आहोत. मग मागच्या स्टेशनावर परत जाता येईल का? आइनस्टाइनच्या समीकरणांतून तशी वाट निघू शकते, हे कुर्ट गॉडेल या गणितज्ञाने १९४९ मध्ये दाखवलं होतं. मात्र त्यासाठी अख्खं विश्व स्वतःभोवती फिरत असायला हवं, आणि आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. दोन जागा किंवा दोन काळ जोडणारं भुयार म्हणाल, तर अशा पुलाचं गणित आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये मांडलं. असा पूल आजवर कोणी पाहिलेला नाही.

समजा, तरी गेलोच परत. तर काय होईल? इथे विज्ञानकथांचे दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, भूतकाळ वेगळा घडला तर वेगळं जग निर्माण होईल. नारळीकरांच्या एका कथेत प्राध्यापक गायतोंडे अशा जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकते आणि मराठे जिंकतात. ती कथा वाचून आमच्या वर्गातली मुलं खूश व्हायची. दुसरा पंथ म्हणतो, तुम्ही परत गेलात तरी जे घडलं तेच घडवाल. उलरिखचा दगड या दुसऱ्या पंथातला. या पंथात एक विचित्र गोष्ट निघते, तिचं उदाहरण म्हणजे मालिकेतला घड्याळजी, टानहाउस. तो एका आराखड्यावरून काळात नेणारं यंत्र बनवतो आहे, पण ते पुरं होत नाही. एक अनोळखी माणूस भविष्यातून तेच यंत्र, मोडलेलं, दुरुस्तीला घेऊन येतो. ते उघडून पाहिल्यावर घड्याळजीला आपलं यंत्र पुरं करता येतं. पण ते मोडलेलं यंत्र म्हणजे हेच यंत्र, म्हातारं झालेलं! मग मूळ अक्कल कोणाची? कोणाचीच नाही. आंब्याआधी कोय की कोयीआधी आंबा, हा आपला जुना प्रश्न. पण तिथे निदान प्रत्येक आंबा वेगळा असतो. इथे एकच आंबा स्वतःच्याच कोयीतून उगवतो.

तिसऱ्या पर्वात मालिका पहिल्या पंथाकडेही वळते. तिथे माझ्या मते तिचा तोल थोडा सुटला आहे. फार जगं, फार चेहरे. भाचीला तेच पर्व सर्वांत आवडलं.

ही गोष्ट जर्मनांनाच का सुचली, याचा मी बराच विचार केला. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलचा अपघात झाला. त्या वर्षी मी एम.एस्सी.ला होते. आमच्यासाठी १९८६ म्हणजे हॅलेचा धूमकेतू. पहाटे उठून गच्चीवर जायचं. चेर्नोबिलची बातमी आम्ही रेडिओवर ऐकली, नकाशात गाव शोधलं आणि विसरलो. जर्मनीला ते शक्य नव्हतं. वाऱ्याने आलेले किरणोत्सारी ढग दक्षिण जर्मनीवर पावसातून उतरले. मुलांना वाळूत खेळू देऊ नका, पालेभाज्या खाऊ नका, जंगलातल्या अळंब्या आणू नका. मालिकेतल्या १९८६ मध्ये आकाशातून मेलेले पक्षी पडतात, ते बघताना त्या पिढीच्या पोटात काय झालं असेल!

त्या पावसातून आलेल्या सेशियम-१३७ या समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं. म्हणजे तीस वर्षांनी ते निम्मं उरतं. बाव्हेरियाच्या जंगलात हरणांमधलं सेशियम कमी होत गेलं, पण रानडुकरांमधलं काही केल्या कमी होईना. २०२३ मध्ये याचा उलगडा करणारं संशोधन प्रसिद्ध झालं. रानडुकरं हिवाळ्यात जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत अळंबी खातात. सेशियम मातीतून फार सावकाश खाली झिरपतं, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे ते या अळंब्यांपर्यंत कित्येक वर्षांनी पोचतं. आणि डुकरांच्या मांसात सापडलेल्या सेशियमचा बराच भाग चेर्नोबिलचा नव्हताच. तो १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर झालेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांचा होता. म्हणजे आज ज्याची शिकार होते त्या एका रानडुकरात १९८६ पण आहे आणि त्याच्याही आधीचा काळ पण आहे. हे मी वाचलं तेव्हा मालिका संपून तीन वर्षं झाली होती. मी लगेच भाचीला फोन केला.

मालिकेतलं अणुवीज केंद्र २०२० मध्ये बंद व्हायचं असतं. खऱ्या जर्मनीने आपली शेवटची तीन केंद्रं १५ एप्रिल २०२३ ला बंद केली. एक बारीकशी खोड काढते. मालिकेत हे केंद्र १९५३ मध्ये उभं राहायला लागलेलं दाखवलं आहे. प्रत्यक्षात पश्चिम जर्मनीला अणुऊर्जेत पाऊल टाकायची मुभाच १९५५ मध्ये मिळाली. तेहतीसचा हिशेब जमवायचा म्हणून लेखिकेने दोन वर्षं ओढून घेतली असावीत.

हे सगळं झालं डोक्याचं. मात्र मला रात्री झोप येऊ दिली नाही ती योनासच्या पेचाने. मिकेलला १९८६ मधून परत आणायची संधी योनासला मिळते. पोर समोर आहे. हात धरला, गुहेतून नेलं, की त्याची आई त्याला मिळेल, बाप वाचेल, पुढची आत्महत्या होणार नाही. पण मिकेल परत आला तर तो तिथे वाढणार नाही, लग्न करणार नाही, आणि योनास जन्मालाच येणार नाही. ज्या दुःखातून आपण जन्मलो, ते दुःख पुसायचं का?

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. माझं आजोळ शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. आजोबांचा पुस्तकं बांधायचा धंदा होता. कागद कापायचं मोठं यंत्र, पुठ्ठे, छापून आलेले फर्मे, सगळं गेलं. माणसं वाचली. कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहायला गेलं. आजोबा मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत. दोन वर्षांत गेले. त्याच वसाहतीत शेजारच्या ओळीत माझ्या वडिलांचं कुटुंब आलं होतं. तिथे आई-वडिलांची ओळख झाली, १९६४ मध्ये लग्न झालं, मग मी, मग माझी बहीण. लहानपणापासून आईच्या तोंडून एक वाक्य आम्ही ऐकत आलो: "पूर आला नसता तर..." ते वाक्य तिने कधी पुरं केलं नाही. आमच्याकडे बघायची आणि उठून कामाला लागायची.

त्या जूनमध्ये आई आमच्याच शेजारी बसून अधूनमधून मालिका बघायची. जर्मन कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचवत नाहीत, भाची तिला मराठीत सांगायची. योनासचा पेच ऐकल्यावर ती गप्प झाली. भाचीने विचारलं, "आजी, तुला ते यंत्र मिळालं, तर तू पूर थांबवशील?"

"मी कुठली पूर थांबवतेय?" आई म्हणाली. "बाबांना आदल्या रात्री एवढंच सांगेन, यंत्र हातगाडीवर घाला आणि पर्वतीला नेऊन ठेवा."

भाचीने तिला समजावलं. यंत्र वाचलं तर धंदा वाचेल. धंदा वाचला तर पणजोबा पेठेतच दुसरं घर बघतील. मग तू गोखलेनगरला कशाला जाशील? आजोबा भेटणार नाहीत. मावशी नाही, आई नाही, मी पण नाही. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तिने आमचीही छोटीशी वंशावळ काढून दाखवली. आई काही बोलली नाही.

दोन दिवसांनी मेथी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "यंत्र न्यायचंच."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही याल गं कुठून तरी."

भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेने याला काय उत्तर द्यायचं? दुसऱ्या पंथाप्रमाणे आईला यंत्र नेताच येणार नाही. वाटेत हातगाडीचं चाक मोडेल, आजोबा ऐकणार नाहीत, काहीतरी होईलच, कारण मी आहे. पहिल्या पंथाप्रमाणे ती यंत्र नेईल, आणि एक पुणं असं होईल ज्यात आजोबा नव्वद वर्षांपर्यंत पुस्तकं बांधतील आणि मी नसेन. आईचं उत्तर दोन्ही पंथांत बसत नाही. पण मालिका बघणारे आपण सगळे मनातून तिच्याच बाजूचे असतो. बाप वाचावा, आणि पोरगंही राहावं. सव्वीस भाग आपण त्याच आशेवर काढतो. शेवटी काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की लेखिका पळवाट काढत नाही. तिने प्रश्न अर्धवट सोडलेला नाही, आणि शेवटच्या भागानंतर आमच्या घरात बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

एक योगायोग सांगते, की योजना म्हणायची, तुम्ही ठरवा. मालिकेत जगाचा विध्वंस होतो तो दिवस २७ जून २०२० आहे, आणि तिसरं पर्व प्रसिद्ध झालं तेही त्याच तारखेला. बाहेर रस्ते ओस, तोंडाला मुखपट्टी, रोजचे आकडे, आणि आत पडद्यावर ही तारीख. तारीख त्यांनी मुद्दाम साधली असणार. बाहेरचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

बघायची असेल तर चार गोष्टी. इंग्रजीत डब केलेली बघू नका. मूळ जर्मन आवाज ठेवा आणि खालची अक्षरं वाचा. त्या भाषेचा खरखरीतपणा त्या पावसाला शोभतो. दिवसाला एकापेक्षा जास्त भाग बघू नका. आम्ही एकदा तीन पाहिले आणि दुसऱ्या दिवशी भाचीने मलाच दोनदा "तू नक्की कोणत्या सालातली?" असं विचारलं. मध्ये प्रेतं आहेत, मुलांवरचे अत्याचार आहेत, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा. आणि सुरुवातीपासून हाताशी मोठा पुठ्ठा ठेवा. नावं पेन्सिलीने लिहा. आम्ही पेनने लिहिली होती. तो पुठ्ठा अजून माळ्यावर आहे, खाडाखोडीने काळा झालेला, आणि त्याच्या एका कोपऱ्यात विंडेनच्या चार घराण्यांशेजारी आमचं गोखलेनगरही आहे.